कापसाच्या गंजीतली सहा उत्तरं

माणसाच्या डोक्यात जागा मोजकीच असते आणि तीही लोकांच्या लग्नांत कोण कुणाशी बोललं नाही यानंच भरलेली असते, हे सर्वमान्य आहे. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांची पाहणी केली असता (मीच केली, पापड वाळवताना) असं आढळलं, की बावीस वर्षांपूर्वीच्या एका पंगतीत वरणात मीठ कमी होतं हे दहा घरांना आठवतं. अकराव्या घराला त्या पंगतीचं आमंत्रण नव्हतं. तेही त्यांना आठवतं. स्वतःचा आधार क्रमांक मात्र एकाही घराला सांगता आला नाही.

या टंचाईवर उपाय म्हणून सिंदीला योगेंद्र सरांची दोन दिवसांची ‘स्मृतिस्थापना कार्यशाळा’ भरली. सरांची पद्धत शास्त्रीय आहे. घोकायचं नाही. जे लक्षात ठेवायचं ते मनातल्या मनात आपल्या घरातल्या एकेका वस्तूवर ठेवून द्यायचं. वेळ आली की डोळे मिटून घरात शिरायचं आणि उचलून आणायचं. (सर दोन्ही दिवस आपलं हेल्मेट सभागृहात विसरले. पण सभागृह म्हणजे काही त्यांचं घर नव्हे, त्यामुळे पद्धतीला दोष देता येत नाही.)

माझी शेजारीण सुलोचना तिथं गेली होती. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. नऊ वर्षं खिचडी शिजवते आणि लेकरांची नाकं पुसते. सेविकेची जागा निघाली होती, त्यासाठी तोंडी परीक्षा होती, प्रश्न सोळा. ही संधी हुकली तर पुढची जागा निघेपर्यंत सुलोचनाचं वय उलटून गेलं असतं. तिनं लगेच घर भरायला घेतलं.

माठावर जुलाब झाल्यावर द्यायचं औषधपाणी ठेवलं: एका पाकिटाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि केलेलं चोवीस तासांत संपवायचं. ओसरीतल्या बाजेवर गरोदर बाईचा आहार. न्हाणीत हात धुण्याच्या वेळा. शिवणयंत्रावर लसी, वयाप्रमाणे ओळीनं. बाबासाहेबांच्या फोटोखाली काही ठेवायला तिचं मन होईना, म्हणून तिथं फक्त उभं राहून दम घ्यायचा असं ठरलं. अशी दहा उत्तरं लागली. उरलेली सहा मागच्या खोलीत गेली, कारण तिथं छतापर्यंत कापसाची गंजी होती आणि घरात तिच्याइतकी मोठी वस्तू दुसरी नव्हती.

यानंतर घरात काही प्रशासकीय अडचणी उद्भवल्या. कोणतीही वस्तू पूर्वपरवानगीशिवाय हलवू नये, असा तोंडी आदेश निघाला. नवरा प्रेमदास तीन आठवडे शिवणयंत्राला वळसा घालून हिंडला. सासू कौशल्याबाई मात्र सवयीप्रमाणे बाजेवर बसल्या.

“आत्याबाई, तिथं नका बसू जी. तिथं गरोदर बाईचा आहार हाये.”

“मले तं काई दिसून नाई राह्यलं. काय काय हाये, सांग बरं. मंग उठतो.”

सुलोचनानं सांगितलं. कौशल्याबाई उठल्या आणि गंजीला टेकून बसल्या.

“आता इथं काय ठेवलं वं?”

“सहा महिन्यांच्या आतल्या लेकराले पाणीबी नाई पाजायचं.”

“काऊन? उन्हाळ्यातबी नाई?”

“नाई. आईच्या दुधात पाणी राह्यतेच. वरून पाणी पाजलं तं पोट भरते न् लेकरू दूध कमी पेते.”

“आम्ही तं पाजलं. तुहा नवरा जित्ता हाये ना?”

हे रोज चाललं. कौशल्याबाई जिथं बसत तिथं खाली काय आहे ते विचारत, पटेपर्यंत उठत नसत, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा विचारत. अभ्यासात असा अडथळा येतो म्हणून सुलोचनानं योगेंद्र सरांकडे फोनवर तक्रार केली. सरांनी सासूला दुसऱ्या खोलीत ठेवायचा सल्ला दिला. दुसऱ्या खोलीत गंजी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कापसाचा भाव चढला.

“मामाजी, उद्यापर्यंत थांबा ना जी,” सुलोचना म्हणाली. “माह्ये सहा उत्तरं हायेत त्याच्यात.”

सासरे डोमाजी शांत माणूस आहेत. “कापूस थांबते बाई,” ते म्हणाले, “भाव नाई थांबत.”

दुपारी टेम्पो लागला आणि सहा उत्तरं सिंदीच्या जिनिंग कारखान्यात गेली.

परीक्षेत सुलोचना डोळे मिटून घरात शिरली. (चप्पल बाहेर काढली. मनातल्या मनात असली तरी फरशी तिनंच पुसली होती.) दहा उत्तरं तिनं झराझर उचलून दिली. मग परीक्षेच्या मॅडमनी विचारलं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी का देऊ नये? सुलोचना मागच्या खोलीत गेली. खोली झाडून काढलेली होती. कोपऱ्यात दोन सरक्या पडल्या होत्या.

“काय झालं?” मॅडम म्हणाल्या.

“कापूस इकला मॅडम.”

मॅडमनी पेन उचललं. सुलोचना त्या रिकाम्या खोलीत उभी राहिली. नऊ वर्षं गेली, असं तिला वाटलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला: काऊन? उन्हाळ्यातबी नाई? आणि तिचं तोंड आपोआप उत्तर देऊ लागलं. उरलेली पाचही तशीच आली, एकेका ‘काऊन’मागं. शेवटच्या प्रश्नाला तर “तुहा नवरा जित्ता हाये ना” हेही तिनं मॅडमना सांगून टाकलं. मॅडमनी ते ग्राह्य धरलं.

सुलोचना आता सेविका आहे. योगेंद्र सरांच्या फलकावर तिचा फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘शंभर टक्के घराचा परिणाम’. कौशल्याबाईंचा फोटो नाही. त्यांनी काही शिकवलं नाही, त्या फक्त बसल्या होत्या.

तुम्ही हे मन लावून वाचलंत. हेल्मेट कुणाचं, बाजेवर कोण बसलं, कापूस कुठं गेला, सगळं तुम्हाला आठवतंय. आता वर न बघता सांगा: माठावरचं ते औषधपाणी किती तासांत संपवायचं?

वर बघितलंत. असू द्या. पत्ता तेवढा कळवा. कौशल्याबाई येऊन बसतील.