गोठ्यातला भूमितीचा तास

शिवाप्पा मास्तर रोज सकाळी आपल्या म्हशीला भूमिती शिकवीत. आणि तीही इंग्रजीतून.

निपाणीतल्या ज्या हायस्कुलात मी हेडमास्तर होतो, तिथल्या शिपायाने हे मला सांगितले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची मला सवय नाही. मी स्वतः मास्तरांच्या घरी गेलो. गोठ्यातून आवाज आला, "लेट ए बी सी बी ए ट्रँगल." भिंतीवर कोळशाने काढलेला त्रिकोण होता. समोर गंगी म्हैस रवंथ करीत उभी होती. मला पाहून मास्तर ओशाळले नाहीत.

"सराव करतोय, साहेब. तुमचाच हुकूम न्हवं का?"

"म्हशीपुढे?"

"हिला कळलं न्हाय तरी लाज वाटत न्हाय. पोरांस्नी वाटती."

हुकूम माझा होता, हे खरे. त्या काळी मॅट्रिकचा गणिताचा पेपर इंग्रजीत असे; म्हणून गणित इंग्रजीतूनच शिकवावे असा नियम होता आणि तो मला पटलेला होता. मास्तर पहिले वाक्य तेवढे इंग्रजीत म्हणत. मग वर्गाचे दार लावून घेत आणि कोगनोळीकडच्या मुलांना मराठीत, चिकोडीकडच्यांना कानडीत शिकवीत. दाराआडून हसण्याचा आवाज येई. भूमितीच्या तासाला हसू येण्यासारखे काही असते, हे मला मान्य नव्हते.

मी जाब विचारला होता. ते म्हणाले होते, "इंग्रजी पाव्हणी हाय, साहेब. पाव्हण्यांम्होरं पोरं तोंड उघडत न्हाईत."

"पेपर त्या पाहुणीच्याच हातात आहे, मास्तर."

"व्हय की. पर आदी घरच्यांची जेवणं हुंद्यात."

तेव्हा मी लेखी बजावले: तपासणीच्या दिवशी सबंध तास इंग्रजीत झाला नाही, तर नोकरी कायम होणार नाही. त्यानंतरच गंगीचे शिक्षण सुरू झाले होते.

तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब मागच्या बाकावर बसले; मी दाराशी उभा राहिलो. मास्तरांचे इंग्रजी त्या दिवशी निर्दोष होते. मला एकच चूक सापडली, आणि चुका शोधण्यात मी कमी नव्हतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, हे त्यांनी पायरीपायरीने सिद्ध केले. साहेबांनी मान डोलावली. मुलेही गंगीइतकीच शांत होती. फक्त रवंथ करीत नव्हती.

तास संपायला पाच मिनिटे होती. मास्तरांनी हात झटकले, वर्गावरून नजर फिरवली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला हळूच विचारले, "तिळीतेनो?" समजले का?

मुलाने एकदा साहेबांकडे पाहिले. "तिळीलिल्ल्री, सर." नाही समजले.

मी दुरूनच मानेने 'नको' म्हटले. मास्तरांनी ते पाहिले. मग खिशातून एक कागद काढला, त्याचा त्रिकोण फाडला, तिन्ही कोपरे तोडले आणि टेबलावर टोकाला टोक जुळवून ठेवले. "या रं सगळी. काय झालं, सांगा." तेच पुन्हा कानडीत.

"सरळ रेघ!" वर्ग ओरडला. मुले हसली.

तो कागद माझ्या हुकुमाचा होता.

साहेबांनी वहीत एकच ओळ लिहिली. मास्तरांची नोकरी कायम झाली नाही; ते गंगीला घेऊन आपल्या गावी, कोगनोळीला गेले. मी त्यांच्यासाठी एक शब्द टाकू शकलो असतो. टाकला नाही.

काही वर्षांनी गणित मराठी-कानडीतून शिकवण्याची मुभा मिळाली. तोवर मी निवृत्त झालो होतो. हे त्यांना समक्ष सांगावे म्हणून मी कोगनोळीला गेलो. गोठ्यातून तोच आवाज आला. म्हैस मात्र दुसरी होती.

"गंगी गेली, साहेब. ही तिची रेडी. सराव मोडला न्हाय मी. म्हटलं, कवा तुमचं बोलावणं आलं, तर कमी पडाय नगो."

मी उपड्या पाटीवर बसलो आणि नियम बदलल्याचे सांगितले. मास्तर भिंतीवरच्या त्रिकोणाकडे वळले.

"मग आता तासाला दार उघडंच ठेवत्यात?"

"उघडेच ठेवतात," मी म्हणालो.

त्यांनी पंच्याच्या टोकाने त्रिकोण पुसला आणि रेडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सुटलीस गं बाई," ते तिला म्हणाले.