संरक्षित न्यायाधीश

'हा व्हिडिओ संरक्षित आहे. तुमच्या ब्राउझरवर तो चालणार नाही,' असं लॅपटॉपने सांगितलं, आणि वायर जोडलेली असल्यामुळे ते टीव्हीच्या पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत साऱ्या खोलीने वाचलं. जावयाने नुकतंच "बघा आता" म्हटलं होतं. त्यामुळे ते त्याला जरा जास्तच लागलं.

"तरी मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. काय म्हणत होत्या ते सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांचा लॅपटॉप मरणपंथाला लागला होता तेव्हा याच जावयाने त्यात नेहमीची सिस्टिम काढून लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम घातली होती. व्हायरस नाही, खर्च नाही, कुणाची गुलामी नाही, असं व्याख्यानही दिलं होतं. तेव्हापासून घरात प्रिंटर रुसला काय आणि नळाचं पाणी गेलं काय, खापर लिनक्सवरच फुटायचं. सासरे तर रोज म्हणत, "काढून टाका हो ते." जावई स्वतः आपल्या लिनक्सवर कधी काही बघत नसे, त्याच्या संध्याकाळी ते चालू ठेवण्यातच जात.

आज मात्र गाठ इज्जतीशी होती. सासरे, म्हणजे वीजमंडळातले निवृत्त मीटर रीडर, एका मालिकेत न्यायाधीश झाले होते. त्यांच्या मिशा कुणा शूटिंगवाल्याच्या नजरेत भरल्या आणि त्यांना एक वाक्य मिळालं, "साक्षीदाराला हजर करा." ते वाक्य त्यांनी इतकं घोटलं की चहा हवा असला तरी ते हेच म्हणत आणि सासूबाई कप आणून आदळत. आज तो भाग इंटरनेटवर आला होता आणि तो बघायला त्यांची बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्यांची आत्या, मुद्दाम आली होती.

"माझ्या फोनवर लाव की रे दादा," आत्या म्हणाली.

"छे! आयुष्यात एकदा पडद्यावर येतोय, आणि तुम्ही मला तळहातावर बघणार?" मालिकेच्या साइटची वर्गणी सासऱ्यांची होती आणि पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. तेव्हा फोनचा विषय संपला.

जावयाने दुसरा ब्राउझर घातला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त जास्त नम्रपणे. मग त्याने इंटरनेटवर शोधलं. हाच प्रश्न एका सज्जनाने विचारला होता आणि खाली स्वतःच 'जमलं, धन्यवाद' लिहून तो निघून गेला होता. कसं जमलं, ते मात्र लिहिलं नव्हतं. जावयाने त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. आत्या कंटाळून स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे सासूबाई आणि त्यांची मुलगीही. सासरे तेवढे शेजारी बसून राहिले.

शेवटी पहिल्याच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, पार तळाशी, एक चौकोन सापडला.

"हा चौकोन कसला?" सासऱ्यांनी विचारलं.

"संरक्षित व्हिडिओ चालवायची परवानगी. त्यात खूण केली की चालतं, काढली की बंद."

"असं होय," सासरे म्हणाले. लिनक्सबद्दल त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. जावयाला भरून आलं.

खूण केल्यावर ब्राउझरने काहीतरी उतरवून घेतलं आणि मालिका सुरू झाली! जावई सगळ्यांना बोलवायला धावला. पण आत्याचा चहा व्हायचा होता, तो होऊन सगळी येईपर्यंत पडद्यावर पुन्हा तेच, 'हा व्हिडिओ संरक्षित आहे.'

"आत्ता चालत होतं!" जावई म्हणाला.

"मी तर काही पाहिलं नाही," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. जावयाला वाटलं, बिचारे निराश झाले. मंडळी उठून गेली. त्याने बघितलं तर खूण गायब. त्याने ती पुन्हा केली, ब्राउझर बंद करून चालू केला, मालिका लावली आणि पाणी प्यायला गेला. परत आला तर संदेश हजर. त्याच्या नाकी नऊ आले होते. तिसऱ्यांदा खूण करून तो दाराबाहेर गेला आणि लगेच डोकावला. सासरे एका बोटाने, मीटरचा आकडा टिपावा तितक्या काळजीने, खूण काढत होते.

"बाबा?"

सासरे दचकले. "दार लोटा," ते हळूच म्हणाले. मग त्यांनीच खूण केली, आवाज बारीक केला आणि तो प्रसंग लावून दिला. कोर्ट, वकील, आरोपी. पडद्याच्या कडेला काळ्या बाहीतलं एक कोपर. "साक्षीदाराला हजर करा," कुणीतरी भारदस्त आवाजात म्हणालं.

"कोपर माझंच आहे," सासरे म्हणाले. "आवाज कुणाचा, देव जाणे. तुम्ही सगळ्यांना बोलवायला गेलात तेव्हा पाहिलं. ही आत्या साऱ्या नातेवाइकांत हसं करेल हो माझं."

जावयाला हसू आलं होतं, पण समोरच्या मिशा थरथरताना बघून त्याने ते गिळलं. त्याला फार वाईट वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे कोपर झाकायचं होतं आणि झाकायला घरात लिनक्सखेरीज दुसरं काही नव्हतं. त्याने खूण स्वतःच्या हाताने काढली.

मंडळी पुन्हा आली. "नाही चालणार," जावई म्हणाला. "लिनक्सवर हे चालतच नाही." लिनक्सबद्दल जन्मात तो असं बोलला नव्हता.

"तरी मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. जावयाच्या बायकोने भर सभेत कपाळावर हात मारला.

"मग काढा ते खूळ," आत्या म्हणाली. "आमच्या खालचा दुरुस्तीवाला आत्ता येऊन नेहमीचं घालून देईल. मग सगळे मिळून बघू. लावू फोन?"

सासरे ताडकन उठले. त्यांची छाती फुगली, मिशा ताठ झाल्या आणि आवाज असा भारदस्त लागला की तो शूटिंगच्या दिवशी लागता तर मालिकेत दुसऱ्याचा घालावा लागला नसता.

"खबरदार! माझ्या घरात लिनक्सच राहणार."