पहिलीतलं ॲप

कोणत्या शाळेत आज काय शिजलंय हे सांगणाऱ्या पोषण आहाराच्या ॲपने जूनपासून उपाशीपोटी उत्तर देणं बंद केलं.

हे सगळ्यांत आधी कळलं हिवरवाडीच्या भानुदास कुंभारे गुरुजींना, कारण त्या ॲपची माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. शिकवणं सोडून बाकी सगळं शिक्षकांना उत्तम जमतं, असा वरच्या कार्यालयाचा जुना विश्वास होता. गुरुजींनी मुकाट्याने पहिलं पान लिहिलं: शाळा निवडा, तारीख टाका, बटण दाबा. मग खातरी करून घ्यायला स्वतःच बटण दाबलं.

“आधी वाढा,” शाळेच्या मोबाइलमधून ॲप म्हणालं.

स्वयंपाक करणाऱ्या केराबाईंनी मोबाइलपुढे ताटली ठेवली. थोड्या वेळात ती लख्ख झाली.

“मटकीची उसळ आणि भात,” ॲपने सांगितलं. “मीठ जरा पुढे आहे.”

“आता ह्याचंबी ऐकून घ्यायचं व्हय?” केराबाई कडाडल्या. पण दुसऱ्या दिवशी मीठ बेतानंच पडलं.

पुस्तिकेत ‘ताटली’ लिहू की ‘वाटी’, अशी विचारणा गुरुजींनी कार्यालयाकडे केली, तेव्हा विस्तार अधिकारी नलावडे मॅडम जातीने आल्या.

“पटावर नाव नसलेल्याला जेवण देता येत नाही, गुरुजी.”

“मग नाव घालू का?”

“वय काय त्याचं?”

“सातवी आवृत्ती चालू आहे.”

“म्हणजे सहा पूर्ण. पहिलीत घ्या. लसी झाल्यात का?”

“कंपनीने टोचूनच पाठवलंय, मॅडम.”

गुरुजींना आनंद लपवता येईना. शाळेचा पट एकोणीस होता. ऑगस्टअखेरच्या तपासणीत वीस भरले नाहीत, तर शाळा बंद होऊन पोरं हायवेपलीकडच्या शाळेत जाणार होती. भरधाव ट्रकांमधून वाट काढणारी ती पिटुकली गुरुजींच्या सारखी डोळ्यांपुढे यायची. आता विसावं नाव लागलं होतं.

ॲप शाळेत छान रमलं. पाटीला टेकून पहिल्या रांगेत बसायचं, शेजारच्या तनुजा शेळकेशी गप्पा मारायचं. पाढे त्याला आधीपासून येत होते, पण पोरांच्या संगतीने ती सवय सुटली. मधल्या सुट्टीत ते लपाछपी खेळायला लागलं आणि त्यात भलतंच तरबेज निघालं.

ऑगस्ट उजाडला आणि उत्तरं बिघडली. आज काय जेवण, असं कुठल्याही शाळेबद्दल विचारलं तरी ॲप म्हणायचं, “भात.” भाताबरोबर काय? “काहीतरी पिवळं.” जरा दटावलं तर, “आठवत नाही,” आणि आणखी खोदून विचारलं तर पडदा काळा करून बसायचं. जिल्हाभरातून तक्रारी आल्या.

नलावडे मॅडमचा फोन आला. “कंपनी म्हणते, दुरुस्तीला परत पाठवा. शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवा. तपासणीला येईन तेव्हा घेऊन जाते.”

“आणि पट?”

“तो एकोणीस होईल,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

डबा तसाच उघडा ठेवून गुरुजी मैदानाकडे बघत बसले. बघता बघता त्यांनी पुस्तिका पुढे ओढली. तपासणीच्या दिवशी ती त्यांनी मॅडमपुढे ठेवली.

मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. “‘काहीतरी पिवळं’ असे उत्तर आल्यास डाळ समजावी. ‘आठवत नाही’ असे आल्यास पोट भरले आहे असे समजावे. ॲप खेळायला गेले असल्यास वाट पाहावी.” त्यांनी चष्मा काढला. “गुरुजी, हे सगळं पुस्तिकेत आहे?”

“आहे, मॅडम.”

“मग हा बिघाड कसा? ही तर वापराची पद्धत झाली.” त्यांनी सही करून शिक्का मारला. “दाखला राहू द्या. हजेरी घेते.”

एकोणीस मुलं हजर निघाली. विसावं नाव पुकारलं, तर पहिल्या रांगेत पाटीच तेवढी होती. मॅडमनी पुन्हा पुकारलं.

तनुजा उभी राहिली. “बाई, ते लपलंय.”

“कुठे?”

“सांगायचं नसतं. राज्य तुमच्यावर आहे.”

मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पुस्तिकेकडे. मग मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली, हजेरीपट काखेत मारला, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून मोजायला सुरुवात केली. विसावर आल्या तेव्हा स्वयंपाकखोलीतल्या तांदळाच्या पिंपामागून बारीक आवाज आला:

“अजून नाही!”

मॅडमनी एक डोळा किलकिला करून विसाव्या नावापुढे हजेरी लावली आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.