तुंबलेलं सिंक आणि एक व्याख्यान

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं तेव्हा प्राध्यापक अकरा वाजताच्या ऑनलाइन व्याख्यानाची टिपणं चाळत होते. विषय होता 'बदलती नाती आणि पुरुषाचं मन'. या विषयावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्नीने 'अहो' न म्हणता 'अरे' म्हणावं, असा आग्रह त्यांनी एका लेखात धरला होता. त्यांच्या घरच्या बाईंनी तो लेख वाचला आणि दुसऱ्याच दिवसापासून अंमलात आणला. तेव्हापासून दर 'अरे'सरशी प्राध्यापकांना तो लेख लिहिल्याचा पस्तावा होई. पण लेख छापून गेलेला; करता काय?

"अरे, मी प्लंबरला फोन केलाय. साडेदहाला येतायत," बाई म्हणाल्या. त्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होत्या आणि आज रजेवर होत्या. "तू हात लावू नकोस."

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला?" असं म्हणत प्राध्यापकांनी बाह्या सरसावल्या, सिंकच्या तळाशी असलेल्या जाळीच्या भोकात तर्जनी घातली आणि अडकलेलं साल ओढलं. साल निघालं. बोट निघेना.

त्यांनी हिसका दिला. बोट सुजलं. बाईंनी तेल ओतलं, साबण लावला, शेवटी खांदा धरून ओढून पाहिलं.

"हातमोजे होते का?" त्यांनी सवयीने विचारलं.

"हा काय तुझा कारखाना आहे?"

"तिथे लोक सांगितलेलं ऐकतात."

इतक्यात दारावरची बेल वाजली. खांद्याला अवजारांची पिशवी लावलेली एक चाळिशीची बाई आत आली.

"प्लंबर मागून येतायत का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मीच प्लंबर."

"हो, हो, अर्थात! मी म्हणजे... जड काम कोण करणार, एवढंच विचारत होतो. काही उचलायचं असेल तर मला सांगा."

तिने अडकलेल्या बोटाकडे पाहिलं. "तुम्ही जागचे हलू नका साहेब, तेवढी मदत पुष्कळ झाली."

जाळी खालून सोडवावी लागणार होती आणि त्याला अर्धा तास तरी जाणार होता. घड्याळात अकराला पाच कमी होते. तीनशे माणसं वाट पाहत होती. बाईंनी मुकाट्याने लॅपटॉप समोरच्या फळीवर ठेवला, प्राध्यापकांचे केस नीट केले आणि कॅमेरा छातीच्या वर राहील असा वळवला. प्लंबरबाई सिंकखाली शिरल्या. व्याख्यान सुरू झालं.

"मित्रहो, पुरुषाला वाटतं, आपल्याला कुणाची गरज नाही..."

"पाय बाजूला घ्या!" खालून आवाज आला.

"...आणि मदत मागणं म्हणजे कमीपणा..."

खालून ठणठण ठोकण्याचा आवाज आला. प्राध्यापकांचा चेहरा वेडावाकडा झाला. डावीकडून पडद्यावर बाईंचा हात आला, त्यात साबणाची वडी होती.

"सर, तिकडे काही अडचण आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"छे, छे!" घाम पुसायला मोकळा असलेला एकच हात वापरत प्राध्यापक म्हणाले. "हे... प्रात्यक्षिक आहे."

पडद्यावर टाळ्यांची चित्रं उसळली. 'किती धाडसी प्रयोग!' कुणीतरी लिहिलं. प्राध्यापकांना चेव आला. "पुरुषाने आपली अगतिकता अशी उघडपणे..." एवढ्यात खालची नळी सुटली आणि तुंबलेलं सगळं पाणी त्यांच्या पावलांवर आलं. ते किंचाळले. टाळ्या दुप्पट झाल्या.

जाळी निघाली, पण बोटासकट. प्लंबरबाई उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या सभेला दिसल्या. त्यांनी जाळीच्या भोकातून दोऱ्याचं टोक ओवलं, बोटाला घट्ट वेढे दिले आणि हलकेच फिरवत बोट मोकळं केलं.

"ताई, नवऱ्यांना काय सांगाल?" श्रोत्यांतून एकीने विचारलं.

प्लंबरबाई जरा गोंधळल्या. "घरोघरी जाते, तर बिघाड छोटाच असतो हो. बाईने फोन केल्यापासून मी पोचेपर्यंत साहेब लोक तो मोठा करून ठेवतात. रागावू नका, पण त्यांना पाण्याची भीती नसते. आम्ही यायच्या आत दुरुस्त झालं नाही, तर बायको काय म्हणेल, याची असते."

सभेतल्या कित्येकींनी ते लिहून घेतलं. तीस पानांच्या टिपणांत हे वाक्य कुठेच नव्हतं, हे प्राध्यापकांच्याही लक्षात आलं.

दुपारी अध्यक्षबाईंचा फोन आला. प्राध्यापकांनी बँडेज बांधलेल्या बोटाने तो कसाबसा उचलला.

"सर, अफाट झालं! पुढच्या महिन्यातलं व्याख्यानही ठरवून टाकू म्हटलं."

"अवश्य! तारीख बघतो," प्राध्यापक डायरी ओढत म्हणाले.

"नाही, तुम्ही कशाला त्रास घेता? त्या ताईंचा नंबर हवा होता. विषय तोच ठेवलाय."

प्राध्यापकांनी डायरी मिटली. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून बाईंना हाक मारली.

"अहो, जरा त्या ताईंचा नंबर घेऊन येता का?"