निळी किटली आणि तळ्याकाठचं घर

भिंगानं सतरावं घर नापास केलं, तेव्हा बायकोनं लॅपटॉपचं झाकण त्याच्या बोटांवरच मिटलं.

"अगं, बोटं आहेत माझी त्यात!"

"असू देत. निदान आज तरी अठरावं बघता येणार नाही."

भिंग हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. भाड्यानं द्यायच्या घरांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा, आणि दुसऱ्या कुणी काढलेले तसले फोटो दिसले की त्यांतली लबाडी शोधत बसणं हा छंद. म्हणून बहिणीनं त्याला हे नाव ठेवलं होतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. कोनाड्याचा दिवाणखाना कसा करायचा, समोरची भिंत कापून आभाळ कसं दाखवायचं, हे सगळं तो स्वतः महिन्याला साठ घरांत करत असे.

बायको औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसाचे नऊ तास उभ्यानं. तीन वर्षांनी तिला सलग चार दिवसांची रजा मिळाली होती आणि तिची मागणी अगदी साधी होती. हॉटेल नको, कारण आठच्या ठोक्याला तयार होऊन खाली नाश्त्याला जायचं म्हणजे पुन्हा दुकानच. आपलं आपण करून खाता येईल असं छोटं घर हवं. त्यात एक खिडकी, खिडकीपाशी खुर्ची, आणि खुर्चीतून पाणी दिसलं पाहिजे. तळं, नदी, काहीही चालेल. ती बसणार होती. बस्स.

"ही खुर्ची बघ," भिंग म्हणे, "लहान मुलाची आहे. छोटी खुर्ची ठेवली की खोली मोठी दिसते. नापास. हा आरसा बघ, अर्धी खोली आरशातली आहे. नापास."

असं करता करता रजा आठ दिवसांवर आली. बायकोला मनापासून आवडलेलं घर भिंगानं सकाळी नापास केलं आणि दुपारपर्यंत ते दुसऱ्यांनी घेऊनही टाकलं. त्या संध्याकाळी ती एक शब्द बोलली नाही. ती बोलायची थांबली की भिंगाच्या तोंडचं पाणी पळत असे. तो मुकाट्यानं पुन्हा शोधायला बसला आणि तासाभरानं जवळजवळ ओरडलाच, "सापडलं! हा खरा माणूस!"

"कोण माणूस?"

"फोटो काढणारा! प्रकाश बघ, कसला स्वच्छ. खोली बघ, ऐसपैस. खिडकीत तळं. कुठे लपवाछपवी नाही. आमच्या धंद्यात इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही!"

बायकोनं मान पुढे केली. "ओट्यावरची किटली बघ. निळी. थेट माझ्या किटलीसारखी."

"तसल्या किटल्या पैशाला पासरी मिळतात."

"माझी नव्हती पैशाला पासरी. माझ्या आईनं दिलेली होती. तुझ्या बहिणीनं नेली."

हे प्रकरण सहा वर्षांपूर्वीचं होतं. नणंद आठवडाभर राहायला आली आणि त्याच आठवड्यात किटली नाहीशी झाली. नणंद नाही म्हणत राहिली, वहिनी बरं म्हणत राहिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं "कशी आहेस, बरी आहे" एवढ्यावर आलं होतं. भिंगानं घाईघाईनं विषय बदलला.

"मग घेऊ ना हे घर?"

"आणि खुर्चीतून पाणी दिसलं नाही तर?"

"तर चारही दिवस स्वयंपाक मी करीन."

बायकोनं त्याला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

आठ दिवसांनी त्या घराचं दार उघडलं आणि आतल्या पलंगावर आपटलं. दिवाणखाना होता, पण दोघांना एकदम वळायचं झालं तर आधी सल्लामसलत करावी लागली असती. खिडकीपाशी खुर्ची होती. लहान मुलाची. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत आणि तिच्यावरून खाली उतरणारा पाइप एवढंच दिसत होतं.

"पाणी?" बायकोनं विचारलं.

"आहे की!" मालकीणबाई उत्साहानं म्हणाल्या. चष्मा साखळीला अडकवलेल्या, गोल, आनंदी बाई. "बाथरूममध्ये स्टुलावर चढलं की वरच्या झरोक्यातून तळं दिसतं. सगळे पाहुणे चढतात."

बायकोनं कांदे-बटाट्यांची पिशवी भिंगाच्या हातात दिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. भिंगाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शुद्ध फसवणूक आहे ही! कोण हा फोटो काढणारा? नाव सांगा मला त्याचं. असल्या माणसांनीच आमचा धंदा बदनाम केलाय!"

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "नाव नाही बाई लक्षात. सहा वर्षं झाली. दाढी होती त्यांना. पिशवी भरून सामान घेऊन आले होते, लिंबं काय, शाल काय. खुर्चीसुद्धा त्यांनीच शेजारून मागून आणली. फोटो बघून मलाच नवल वाटलं, माझं घर एवढं मोठं आहे म्हणून! जाताना गडबडीत एक वस्तू विसरून गेले. मी निरोपही ठेवला, पण ते काही फिरकले नाहीत."

भिंगाचा हात आपोआप हनुवटीवर गेला. दाढी त्यानं पाच वर्षांपूर्वी काढली होती.

"जरा इकडे ये," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. फार शांत आवाज होता.

तिच्या हातात निळी किटली उलटी धरलेली होती. तळाला तिच्या आईनं खिळ्यानं कोरलेलं पाच पाकळ्यांचं फूल होतं.

आता भिंगाला सगळं आठवलं. रिकामा ओटा फोटोत फार उदास दिसतो म्हणून त्या दिवशी सकाळी घरातून निघताना हाताला लागलेली पहिली रंगीत वस्तू त्यानं उचलली होती.

"किटली तू नेलीस."

"नेली म्हणजे... कामापुरती."

बायको बाहेर येऊन त्या छोट्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला लागले. "तुझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नुसता फोन केला रे. भेटायला नाही गेले. एका किटलीपायी."

भिंगाला स्वतःची खरोखर लाज वाटली. तो कांदे सोलायला लागला. बायकोनं तिथूनच नणंदेला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. भिंगालाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. "फार चुकलं गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "जाऊ दे वहिनी. पण आता विषय निघालाच आहे, तर सांगून टाकते. तुझी मोठी लोखंडी कढई माझ्याकडे आहे."

"कढई? अगं, त्यावरून मी शेजारणीशी बोलत नाही चार वर्षं!"

दोघी एकदम हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

"ये इकडे," बायको डोळे पुसत म्हणाली. "तुझा दादा चार दिवस स्वयंपाक करणार आहे."

"दादा? मग उद्याच येते. कढई घेऊनच येते."

फोन ठेवून तिनं भिंगाकडे पाहिलं. "आता खरं सांग. तळ्याचा तो फोटो कुठून काढला होतास?"

भिंगानं सुरी वर, छताकडे केली.

मागच्या बाजूला लोखंडी शिडी होती. मालकीणबाईंनी आपल्या खोलीतली हाताची खुर्ची दिली. भिंगानं ती डोक्यावर घेतली आणि तीनदा कपाळ आपटून गच्चीवर नेली. वर मात्र तळं पुरतं पसरलेलं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. बायको खुर्चीत बसली, पाय कठड्यावर टाकले आणि तिनं असा काही श्वास सोडला की भिंगाला वाटलं, हा फोटो कुणाला काढता यायचा नाही.

पुढचे चार दिवस खालून "मीठ किती?" असा प्रश्न येई आणि वरून "चवीपुरतं!" असं उत्तर जाई. दुसऱ्या दिवसापासून उत्तर देणारे आवाज दोन झाले. भात दोनदा करपला, तिसऱ्यांदा जमला. चहा मात्र निळ्या किटलीतून शिडीवरून वर जाईपर्यंत एकदाही सांडला नाही.

निघताना मालकीणबाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. बायकोनं लिहिलं, "घर फोटोत दिसतं त्याच्या निम्मं आहे. पाण्यासाठी शिडी चढावी. स्वयंपाकी येताना घरून आणावा. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ."

मग तिनं किटली नणंदेच्या पिशवीत ठेवली.

"अगं वहिनी, आईची आहे ना तुझ्या?"

"सहा वर्षं आळ सोसलास. आता खरंच ने."

नणंदेनं फार आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या गाडीला हात करून दोघं मागे वळली, तेव्हा कुठे भिंगाच्या लक्षात आलं की परत करायला आणलेली कढईही त्याच पिशवीत होती.