पोत्याची चौकशी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी रशीदचाचांचं नाव घेईन. रशीदचाचा बारदानेवाले, मुक्काम शेलूबाजार. हे वाक्य लिहायला मला उशीर झाला. तो कसा झाला, ते पुढे येईलच.

बी.ए.चं सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईनं ते देवापुढे ठेवलं. बाबांनी हात लावायच्या आधी हात धुतले. मी ते रशीदचाचांना दाखवायला नेलं. चाचा ते घेऊन दुकानाबाहेर आले, दोन्ही हातांनी उन्हात धरलं आणि एक डोळा मिटून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

"भोक तं दिसत नाई," ते म्हणाले. "पन दोन सह्या दोन रंगाच्या शाईत काहून हायेत?"

चाचांचा धंदा जुन्या पोत्यांचा. डाळ मिलमधून, अडत्यांकडून रिकामा बारदाना घ्यायचा, उलटा करून झाडायचा, एकेक पोतं उन्हात धरायचं, उजेड आला तिथं दाभण-सुतळीनं शिवायचं आणि पुन्हा विकायचं. वर्षानुवर्षं हे केलं की माणसाला सगळं जगच उन्हात धरून पाहायची सवय लागत असावी.

नवीन कुलूप आणलं की ते दुकानदाराला विचारत, "दोन चाब्या मले देल्ल्या. तिसरी कोनाजवळ हाये?" पेपरात पावसाचा अंदाज आला की म्हणत, "याले पयलेच कसं मालूम?" चहावाल्याला स्वतः आणलेल्या चहाचा पहिला घोट घ्यावा लागे. तो बिचारा म्हणायचा, "चाचा, मले शुगर हाये." चाचा म्हणायचे, "मंग तं घेच. तुले बी समजू दे साखर किती टाकतं ते."

आमच्या गावाहून, आसेगावहून, मी सकाळी शेलूबाजारला येई आणि तिथून कॉलेजच्या गावाला जाणारी जीप धरी. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे आमच्याकडं सर्वांना माहीत आहे. ती भरेपर्यंत मी चाचांच्या दुकानात पोत्यांच्या ढिगावर बसायचो. पहिले चार दिवस त्यांना वाटलं, मला दुसऱ्या बारदानेवाल्यानं भाव काढायला पाठवलं आहे. पाचव्या दिवशी त्यांनी माझी पिशवी तपासली. इंग्रजीचं पुस्तक निघालं.

"इंग्रजी येते?"

"पास होण्यापुरती."

"मंग हे पाह्य." त्यांनी एक पोतं माझ्यापुढं टाकलं. परदेशातून आलेल्या वाटाण्याचं. त्यावर इंग्रजीत पोत्याला 'सॅक' लिहिलं होतं आणि खाली दुसऱ्या एका भाषेत 'साक'. ती भाषा फ्रेंच आहे असं एका ट्रकवाल्यानं सांगितलं होतं, म्हणून चाचांना ते पटत नव्हतं.

"दोन देश. मधात समुद्र. अन् नाव एकच. मामला गडबड हाये, बाबू."

रद्दीतून घेतलेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी त्यांच्या गल्ल्याखाली होती. तिचं पहिलं पान नव्हतं. "लिहिनारानं नाव लपवलं," असा तिच्यावर आरोप होता. तरी तिचा त्यांना थोडा आधार वाटे, कारण प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला हे ती कबूल करत असे. "हे चांगलं हाये. शब्द असो का मानूस, पयले गाव सांगावं."

मग रोज जीप भरेपर्यंत आमची चौकशी चाले. मी वाचायचो, डिक्शनरीत नसेल ते कॉलेजच्या लायब्ररीतून उतरवून आणायचो, आणि चाचा लाल कापडी बांधणीच्या वहीत टिपून घ्यायचे. जर्मनीत झाक, हॉलंडात झाक, इटलीत साक्को, स्पेनमध्ये साको, स्वीडनमध्ये सेक. हंगेरीची भाषा या कोणाच्याच नात्यातली नाही, पण पोत्याला तिथंही झाक! चाचांनी वही मिटली.

"एवढ्या लोकायचा जबाब सारखा असते कधी? एका घरातले दोन भाऊ सारखं सांगत नाईत. याईले कोनीतरी पढवलं हाये."

दोनच साक्षीदार फुटले. पोलंडवाला 'वोरेक' म्हणाला आणि रशियावाला 'मेशोक'. चाचांना आधी ते दोघं खरे वाटले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाई. हे दोघं त्या दिवशी हजरच नसतीन."

अर्थांची तर वेगळीच भानगड. इंग्रजीत एखाद्याला नोकरीवरून काढलं तर त्याला सॅक दिली म्हणतात. कारागिराची हत्यारं त्याच्या पिशवीत असायची. ती हातात दिली की समजायचं, निघा. शहर लुटलं तरी हाच शब्द, कारण लूट पोत्यातच भरायची. "पाह्य, नाव कुठं कुठं सापडून राह्यलं," चाचा म्हणाले. "मी म्हनत होतो ना, हा शब्द सीधा नाई."

पण ऑस्ट्रियात कोटाला 'साको' म्हणतात, हे मी वाचलं तेव्हा त्यांनी वही बाजूला ठेवली. मग अंगातल्या बनियनवरची सुतळीची धूळ झटकत म्हणाले, "कोटाले? साहेब लोक घालते त्या? मंग लोक आमाले बारदानेवाला म्हनून हासते कायले?"

शब्दाचं मूळ गाव शोधायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षं लागली. इंग्रजी आणि फ्रेंचनं बोट दाखवलं लॅटिनकडं, लॅटिननं ग्रीककडं. आणि ग्रीकांना तो दिला समुद्राच्या पूर्वेकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी. तिकडे बकरीच्या केसांच्या जाड कापडाला 'सक' म्हणत. त्याहून मागं गेलं तर इराकातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवरही तोच शब्द. व्यापारी माल घेऊन गेले, मालासोबत पोतं गेलं आणि पोत्यासोबत त्याचं नाव.

"म्हंजे बारदानेवाल्यानंच नेलं!" चाचा ओरडले. बाहेर जीपवाला दचकला. "ना राजानं नेलं, ना मास्तरनं. आमच्याच मानसानं!"

त्या दिवशी त्यांनी चहा चहावाल्याला न पाजता प्यायला. संध्याकाळपर्यंत मात्र नवी शंका निघाली. "पन त्या व्यापाऱ्याले कोनी देल्ला असंन?"

या चौकशीत चाचांना पोत्याचं गाव सापडलं आणि मला इंग्रजी. त्या डिक्शनरीच्या मी चार वर्षांत शेवटच्या पानापर्यंत गेलो. बी.ए. झालो, एम.ए. झालो, प्राध्यापकीची परीक्षा निघाली. अकोल्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं.

चाचांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. कोण्या लग्नात त्यांनी हे सगळं एका प्रोफेसरला सांगितलं होतं. प्रोफेसर हसून म्हणाले होते, "चाचा, तुम्ही पोती शिवा." तेव्हापासून ते मला म्हणायचे, "शिकलेल्या एका मानसानं चार लोकात सांगायले पायजे, का हे रशीदनं शोधलं. मंग मी फाईल बंद करतो."

"मी सांगतो ना, चाचा."

"सगळे असंच म्हनते."

आसेगावच्या शाळेनं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. आमच्याकडं रीत अशी की बोलायला उभं राहायच्या आधी सूत्रसंचालक हातात चिठ्ठी देतो. तिच्यावर अध्यक्ष, पाहुणे, संचालक यांची नावं क्रमानं असतात आणि ती वाचली की आभार झाले. मी चिठ्ठी वाचली. कॉलेजच्या सरांचं नाव घेतलं. मग रंगात येऊन पोत्याची गोष्ट सांगितली. झाक, साक्को, कोट, मातीच्या पाट्या, सगळं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राचार्य होते. ते खुर्चीतून पुढं वाकून म्हणाले, "फारच छान! हे कुठं मिळालं तुम्हाला?"

मी म्हणालो, "एका इंग्रजी ग्रंथात, सर."

तेव्हा मला चाचा दिसले. ते सगळ्यांच्या मागं, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे होते; चपला चोरीला जातील म्हणून ते सभेत कधी बसत नाहीत. त्यांनी वाकून चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला जायला शेलूबाजारला आलो. दुकानात शिरताना मनात उत्तरं जुळवली होती. चिठ्ठीत नाव नव्हतं, घाई झाली, पाहुण्यांनी मधेच विचारलं. चाचा पोतं शिवत होते.

"बस," म्हणाले.

मी बसलो. त्यांनी काहीच विचारलं नाही. मी परत कधी येणार, शाल कोणत्या दुकानातून आणली, नारळ पाण्याचा होता का, काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात एकही प्रश्न निघाला नाही. आतल्या बाजूला ते सुतळी आणायला गेले तेव्हा गल्ल्यावर वही उघडी दिसली. पोत्याच्या पानावर खाली त्यांनी साक्षीदारांचे दोन रकाने आखले होते, कच्चे आणि पक्के. कच्च्यात ट्रकवाला होता, डिक्शनरी होती, पोलंड होता, रशिया होता. पक्क्यात एकच नाव होतं, माझं, वाकड्यातिकड्या अक्षरात: प्रल्हाद, आसेगाव. ते खोडलेलं नव्हतं.

"जीप भरली," चाचा आतून म्हणाले. "जाय."

फोनवर बोललेल्याचा पुरावा राहत नाही, असं त्यांचं मत आहे. म्हणून दोन दिवसांनी अकोल्याहून मी हे पत्र लिहून पाठवलं:

चाचांना सलाम.

मी प्रल्हाद, राहणार आसेगाव, लिहून देतो की सॅक या शब्दाची चौकशी रशीदचाचा बारदानेवाले, शेलूबाजार, यांनी केली. मी फक्त पानं उलटली आणि वाचून दाखवलं. ग्रंथाचं मी खोटं सांगितलं. तुमचं नाव विसरलो, असं म्हणालो तर तेही खोटं होईल. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसापुढं पोत्यांचं दुकान म्हणायची मला लाज वाटली. या मजकुरात मला कोणी पढवलेलं नाही.

हेडमास्तरांशी बोललो आहे. येत्या रविवारी शाळेत पालकांची सभा आहे, तिथं मला दहा मिनिटं देणार आहेत. प्राचार्य साहेबांनाही मी स्वतः जाऊन बोलावलं आहे आणि कशासाठी ते सांगितलं आहे.

तुम्ही या. तुमच्या चपला माझी आई सांभाळेल, तुम्ही पुढं बसा. मी बोलताना काही लपवतो आहे असं वाटलं तर हात वर करू नका, थांबू नका. उभे राहा आणि सगळ्यांसमोर मला विचारा. त्या दिवशी तुम्ही काहीच विचारलं नाही, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुमचा,
प्रल्हाद