गावंडेकाकांचा मायनस बारा

गावंडेकाका स्वतःची ओळख करून देताना नाव सांगत आणि त्याला लागूनच चष्म्याचा नंबर. "मी गावंडे. मायनस बारा." एवढ्यावर थांबतील तर शपथ. चष्मा काढून समोरच्याच्या हातात ठेवत आणि म्हणत, "वजन पाहा." मग चष्मा परत मिळेपर्यंत ते तुमच्याऐवजी तुमच्या मागच्या दरवाजाशी बोलत राहत.

दोन हजार सालानंतर लवकरच आमची बदली जयपूरला झाली. विद्याधर नगरात सामान उतरवत असतानाच ते वजन माझ्या हातात आलं. काका आमचे शेजारी, मूळचे अमरावतीचे, विमा कचेरीतून निवृत्त होऊन जयपुरातच राहिलेले. "हा चष्मा नाही, पोरी," ते म्हणाले, "ढाल आहे ढाल!"

ढालीची कथा मला त्याच आठवड्यात कळली, आणि पुढे दर आठवड्याला कळत राहिली. काकांना शुगर जुनी. शुगरनं डोळ्यांचा पडदा खराब होतो, म्हणून ते जवाहर नगरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पडदा तपासला आणि म्हणाले, इतकी वर्षं शुगर असून पडदा साफ आहे. एवढा मोठा मायनस नंबर असलेल्यांना हा त्रास पुष्कळदा कमी होतो, तुमचंही तसंच असावं. पण दरवर्षी दाखवत जा.

शाळेत 'ढापण्या' म्हणवून घेतलेल्या, लग्नाच्या बाजारात तीन ठिकाणी नाकारल्या गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! चौथ्या ठिकाणी त्यांनी चष्मा खिशात ठेवून मुलगी पाहिली होती, आणि मुलीऐवजी तिच्या मावशीला पसंत केलं होतं. मुलगी पोट धरून हसली आणि हो म्हणाली. त्या आमच्या सुमनकाकू.

तेव्हापासून कोणाला शुगर निघाल्याचं कळलं की काका पहिला प्रश्न विचारत, "नंबर किती?" मायनस दोन म्हटलं की मान हलवत. "काही कामाचा नाही बाप्पा." दरवर्षी ते तपासणीला मात्र न चुकता जात. मला वाटतं, पडद्याची स्तुती ऐकायला जात.

काकूंना चष्मा नव्हता. शुगर होती. या दोन्ही गोष्टी आम्हा सगळ्यांना ठाऊक होत्या, पण त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नाहीत. गल्लीतल्या सगळ्या बायका सुईत दोरा ओवायला काकूंकडे जायच्या. संक्रांतीला गच्चीवर उभ्या राहून, कोणती पतंग कोणत्या गच्चीवरची, हे त्या अचूक सांगायच्या. अशा बाईच्या डोळ्यांत पाहायचं काय?

एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. काकांच्या डोळ्यांत थेंब घातले, की बाहुल्या मोठ्या होऊन त्यांना चार तास काही धड दिसत नसे. हात धरून घरी आणायला काकू. त्या दर वर्षी बाहेरच्या बाकावर बसत, चष्म्याचं घर मांडीवर घेऊन. त्या दिवशी कंपाउंडरनं विचारलं, "माताजी को भी शुगर है ना? इनकी भी जाँच कर दें?"

मीच म्हणाले, "अरे भैया, ये छत से पूरे जयपूर की पतंगें पहचानती हैं. इनकी आँखें देखने के लिए आपको चश्मा लगाना पडेगा!"

सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, "दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातले तर घरी कोण नेईल बाई?"

मी समोर उभी होते. दोन हात रिकामे होते माझे. तरी मला ते सुचलं नाही, आणि याची लाज मला अजून वाटते.

दोन वर्षांनी संक्रांतीला काकूंनी गच्चीवर मला विचारलं, "सविता, ती काळी पतंग कोणाची गं? कवाची एकाच जागी आहे."

मी वर पाहिलं. लाल होत्या, पिवळ्या होत्या. काळी एकही नव्हती.

ते डोळ्याच्या आत उतरलेलं रक्त होतं. डॉक्टर म्हणाले, बराच काळ आत बिघडत असणार, दुखत नाही म्हणून कळत नाही. लेसर झालं, इंजेक्शनं झाली. एका डोळ्याला आता उजेड तेवढा कळत होता, दुसऱ्याला माणसाचा आकार. काकांनी डॉक्टरांना हात जोडून विचारलं, "मेरा नंबर इनको नहीं दे सकते क्या?" डॉक्टर हसले नाहीत.

त्यानंतर काकांनी कोणाला नंबर सांगितला नाही. गणपतीत एका नव्या बिऱ्हाडकरूनं चष्म्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मले कमी दिसते," आणि दुसरीकडे वळले.

परवा दुपारी गेले तर काका व्हरांड्यात चष्मा काढून बसले होते आणि सुई नाकाला टेकेल इतकी जवळ धरून दोरा ओवत होते. नंबर मोठा असल्यानं चष्म्याशिवाय त्यांना नाकाशी धरलेलं बारीकसारीक छान दिसतं. ओवलेल्या सुया उशीवर ओळीनं टोचलेल्या होत्या. काकू हातानं चाचपून गोधडी शिवत होत्या. "चाळीस वर्षांत एक सुई ओवून दिली नाही मी हिले," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "दिसत त होतंच मले."

मी काकांच्या तपासणीचं विचारलं. या वर्षी ते गेलेच नव्हते.

"माझ्या डोळ्यांत थेंब घातले तर हिले घरी कोण आणीन?"

तेच वाक्य. बोलणारं माणूस तेवढं बदललं होतं.

"मी आणीन," मी म्हणाले. "दोघांनाही."

सोमवारी दोघं थेंब घालून दवाखान्याच्या त्या बाकावर डोळे मिटून बसले होते, एकमेकांचे हात धरून. मी शेजारी बसले. काकांनी चष्मा काढून माझ्या हातात ठेवला, आणि या वेळी वजन पाहा म्हणाले नाहीत.